घरी काय सांगितलंय?

आमच्या नोकरीचा पहिला नियम असा की खोलीत ऐकलेलं खोलीबाहेर बोलायचं नाही. आणि असा नियम असला की किस्से नुसते साचत जातात! शेजारच्या घरात काय झालं ते माणूस संध्याकाळपर्यंत चार जणांना सांगून मोकळा होतो. आमची ती सोय नाही. मी बारा वर्षं बीदर जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची कौन्सेलर आहे. कुठला तालुका ते विचारू नका. नावं बदलली आहेत, गावं इकडची तिकडं केली आहेत. वाचताना कुणी ओळखीचं वाटलंच, तर तुम्ही चुकीच्या माणसाला ओळखलंय असं खुशाल समजा.

खोलीत आम्ही तिघं. एक मी. दुसरे रेवण अण्णा, रक्त काढणारे आणि तपासणारे. घरी कन्नड, दवाखान्यात मराठी, आणि घाबरले की दोन्हीची खिचडी. तिसरी कमलअक्का. अक्का स्वतः पॉझिटिव्ह आहे. नवरा गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. आता ती पेशंटच्या घरोघरी जाते, गोळ्या चुकवणाऱ्यांना बखोटीला धरून आणते आणि ज्यांना घरी सांगायचा धीर होत नाही त्यांना सांगायला शिकवते. तिच्याबद्दल लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाली, "लिवा की. पर नाव जरा बरं ठेवा. आईबापानं ठेवलेलं मला पयल्यापासून आवडत न्हाई." म्हणून कमल.

तिच्या मुलीचं नाव अंबिका. पोरीला जन्मापासून हा आजार आहे, आणि पोरीला तो माहीत नव्हता. रक्त कमी आहे, त्याची गोळी आहे, असं सांगून अक्कानं तिला लहानाची मोठी केली. आणि त्या खोटेपणात आम्ही दोघंही सामील होतो, हे आधीच कबूल करते.

*

आमच्याकडं नाव लागलेल्या माणसाला मी दुसऱ्या भेटीत एकच प्रश्न विचारते. घरी काय सांगितलंय? उत्तरं ऐकून घ्या. कावीळ. मूळव्याध. पोटात जंत. एका गृहस्थांनी तर बायकोला सांगितलं होतं, की मतदार यादीत नाव राहायचं तर सरकारला रक्त द्यावं लागतं!

हसू येतं, पण हसायचा अधिकार मला नाही. मला ही नोकरी लागली तेव्हा आमचे मिस्टर, जे हायस्कूलला सायन्स शिकवतात, म्हणाले, "आईला एवढं सांगू नकोस." म्हणून मी सासूबाईंना सांगितलं, शुगर तपासायच्या खोलीत ड्युटी आहे. लोकांना खरं बोलायला शिकवायला मी रोज सकाळी असं खोटं सांगून घराबाहेर पडते.

सासूबाईंनी महिनाभर वाट बघितली. मग एका रविवारी जेवणाआधी हात पुढं केला. "गावची शुगर बगतीस, माझी कवा बगायचीस?"

शेवटी मी शुगरचं मशीन विकत घेतलं.

*

ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं, की माणसाला समोर बसवा, नजरेला नजर द्या, टेबलावर टिश्यू ठेवा. मी नवीन होते, सगळं तसंच करायची. अक्कानं दोन महिने बघितलं आणि एक दिवस घरून सूप घेऊन आली. सुपात तूर.

"मॅडम, असं समोरासमोर बसून कोण सांगतंय का? आपल्याकडं हाताला काम असल्याबिगर बायका मनातलं बोलत न्हाईत. हात रिकामे असले की माणूस डोकं धरून बसतंय."

तेव्हापासून आमच्या टेबलावर टिश्यूच्या जागी सूप आहे. वरून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्याकडं बोट दाखवून विचारलं, हे काय? अण्णांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "कौन्सेलिंग किट, सर." साहेबांनी लिहून घेतलं.

त्या सुपावर पहिल्यांदा बसल्या त्या कमठाण्याकडच्या सासू-सुना. मुलगा जाऊन वर्ष झालेलं, सुनेचा रिपोर्ट नुकताच आलेला. सासूला काहीच माहीत नव्हतं, सोबत म्हणून आली होती. सून सकाळपासून मला एकच सांगत होती, की कळलं तर मला माहेरी हाकलतील आणि पोरगं ठेवून घेतील. अक्कानं दोघींच्या मध्ये सूप ठेवलं आणि स्वतः दाराशी जाऊन बसली. बराच वेळ नुसते खडे निघत होते. मग सुनेनं वर न बघता सगळं सांगून टाकलं.

सासूचा हात थांबला नाही. अर्धं सूप निवडून झाल्यावर तिनं विचारलं, "माझ्या पोराकडनंच आलं व्हय हे तुला?"

"व्हय."

"मंग मान तू कामून खाली घालायलीस?"

त्या दोघी अजून एकत्र राहतात, नातू आता शाळेत जातो. तुरीच्या राशी झाल्या की सासू दरवर्षी आमच्या सुपासाठी पिशवीभर तूर पाठवते. न निवडलेली.

*

आमची खोली कॉरिडॉरच्या टोकाला, डोळे तपासायच्या खोलीला लागून. आमच्या दारासमोर कुणी उभं राहत नाही. लोक डोळ्यांच्या रांगेत बसतात, गावचं कुणी नाही ना हे बघतात आणि शेवटच्या क्षणी सटकन आमच्याकडं वळतात. चिंताकीकडच्या एका अप्पांना ते शेवटचं वळण काही जमेना. साठी उलटलेले, धोतर-टोपीतले. गावात तपासणीची गाडी आली होती तेव्हा त्यांनी रक्त दिलं होतं आणि रिपोर्ट आमच्याकडं येऊन पडला होता.

पहिल्यांदा आले तेव्हा रांगेत शेजारी भाचजावई निघाला, म्हणून अप्पा डोळे तपासून घरी गेले. दुसऱ्यांदा व्याही निघाले. तिसऱ्यांदा ओळखीचं कुणीच नव्हतं, पण तेव्हा धीर झाला नाही. चौथ्यांदा आत आले ते नवा कोरा चष्मा लावून!

मी म्हटलं, बसा. ते बसले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला.

"आता नीट दिसायलंय," म्हणाले. "सांगा काय हाय ते."

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विनंती केली. म्हातारीलाही तपासायला आणतो, पण तिलाही आधी डोळ्यांच्याच रांगेत बसू द्या. तसंच झालं. म्हातारीचाही रिपोर्ट तोच आला. तिची नजर उत्तम आहे, पण गावात विचारायला नको म्हणून तिनंही चष्मा करून घेतला. दोघं महिन्याच्या महिन्याला चष्मे लावून गोळ्या न्यायला येतात.

*

रिपोर्ट सांगायचं काम माझं. अण्णांनी रक्त बघायचं आणि तोंड मिटून ठेवायचं. एकदा मी भावाच्या लग्नाला लातूरला गेले होते. नेमका त्याच दिवशी एक मुलगा रिपोर्टला आला. आयटीआय झालेला, हुमनाबादला कामाला, आणि महिन्याभरावर लग्न आलेलं. अण्णांनी त्याला एवढंच सांगायचं होतं, की मॅडम उद्या आहेत, उद्या या.

ते त्यांनी सांगितलं. पण त्या पोराकडं त्यांना बघवेना. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी त्याला चहा पाजला. अर्ध्या तासानं आणखी एक. मग तिसरा, बिस्किटांसह. शेवटी त्याच्यासोबत बसस्टँडवर गेले आणि खिडकीतून रुमाल टाकून त्याला जागा धरून दिली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला समोर बसवलं, पाणी दिलं, कसं सुरू करावं याचा विचार करत होते. तोच म्हणाला, "मॅडम, सांगायची गरज न्हाई. अण्णांनी काल तीन चहा पाजले, खिडकीची जागा धरून दिली. तवाच कळलं."

अण्णा कोपऱ्यात पाठ करून काचपट्ट्या पुसत होते. "अल्लरी मॅडम, मी एक शब्द बोललो न्हाई," एवढंच म्हणाले.

त्या मुलानं त्याच आठवड्यात मुलीला भेटून खरं सांगितलं. लग्न मोडलं. मुलगी भली होती, त्याचं नाव जाऊ नये म्हणून दोघांनी मिळून एक कारण ठरवलं, की मुलगा दारू पितो. तो आयुष्यात कधी प्यायलेला नाही. गाव मात्र त्याला अजून दारुडाच म्हणतं, आणि तो ऐकून घेतो. अण्णा आता कुठल्याच पेशंटला चहा विचारत नाहीत.

*

आमच्या सीमेवरची आणखी एक पद्धत सांगते. इकडचे लोक गोळ्यांना पलीकडं उदगीरला जातात आणि उदगीरकडचे इकडं येतात. आपल्याच गावच्या दवाखान्यात कुणी ना कुणी भेटणारच! दोन राज्यांची ही अदलाबदल सरकारला कळली की नाही कोण जाणे, पण एसटीवाल्यांना नक्की कळली असणार.

एक लॉरी ड्रायव्हर आमच्याकडं नाव लावून होते. हुमनाबादच्या हायवेवर निम्मं आयुष्य गेलेलं. मी त्यांच्या मागं लागले होते, की बायकोला घेऊन या, तिची तपासणी करू. घरी काय सांगितलंय? पाठदुखीची गोळी आहे म्हणून. आठ महिने त्यांनी मला टोलवलं. कधी सुगी, कधी जत्रा, कधी मेहुण्याकडं बारसं. शेवटी मी चिडले आणि म्हटलं, तुमच्या भित्रेपणापायी तिचा जीव जाईल. ते त्यांना लागलं असावं. नवव्या महिन्यात घेऊन आले.

बाई पदर सावरून बसली. ड्रायव्हरसाहेब सुपातली तूर निवडायला लागले. निवडत कसले होते, नुसती इकडून तिकडं करत होते. तसंच त्यांनी कसंबसं सांगितलं. बाईनं सगळं ऐकलं. मग हातातली पिशवी उघडली आणि आतून गोळ्यांची डबी काढून टेबलावर ठेवली. त्याच गोळ्या. उदगीरच्या, दोन वर्षांपासूनच्या. माहेरी आजारी पडली होती तेव्हा तिला कळलं होतं. नवरा टाकून देईल म्हणून ती बोलली नव्हती.

पुढचं अक्कानं तिच्याकडून काढून घेतलं. वर्षामागं लॉरीची केबिन झाडताना तिला नवऱ्याच्या गोळ्या सापडल्या होत्या. बघताक्षणी तिनं त्या ओळखल्या. रोज त्याच तर गिळत होती.

ड्रायव्हरसाहेबांनी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता विचारतील कधीपासून, कुणाकडून. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"मंग रोज सांजच्याला माझी पाठ कामून शेकायलतीस?"

"तुमी दुखायली म्हणायलता की."

मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेले. अण्णा आधीच बाहेर होते.

*

शिकलेल्या घरांत सांगणं सोपं असतं असं वाटत असेल तर तो भ्रम आहे. एका रिटायर्ड हेडमास्तरांचा धाकटा मुलगा हैदराबादला चांगल्या नोकरीत होता. सुट्टीवर आला आणि आई-वडील, भाऊ, वहिनी, सगळ्यांना एकदमच सांगून बसला. सगळे फार समजूतदारपणे बोलले. हेडमास्तरांनी तर छोटंसं भाषण केलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं त्याच्या ताटाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. आमच्याकडं आहेरात आलेल्या स्टीलच्या ताटांवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. या घरची चोवीस ताटं एकाच मामानं दिलेली, सगळ्यांवर त्याच मामाचं नाव, म्हणून ओळखायला ठिपका.

आईनं भांडी लावताना तो बघितला. कुणाला काही बोलली नाही. दुपारी घर वामकुक्षीत असताना तिनं कपाटातून ती बाटली काढली आणि चोवीसच्या चोवीस ताटांना ठिपके लावले. वाट्यांना लावले, पेल्यांना लावले, हेडमास्तरांच्या चहाच्या कपालाही लावला. संध्याकाळी पानं वाढायला घेतली तर वहिनीला धाकट्या दिराचं ताट सापडेना.

हे सगळं त्या माउलीनंच मला येऊन सांगितलं. मी खूश झाले. म्हटलं, काकू, ताटावाटीतून हा आजार लागत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

"कुणी न्हाई," त्या म्हणाल्या. "तेच ईचारायला आलेय. लागतो का?"

मी नाही म्हणून सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि खुर्चीतच मागं टेकल्या. मुलगा मात्र सुट्टी संपायच्या आधीच हैदराबादला गेला. ठिपक्यांची ताटं त्यांच्याकडं अजून वापरात आहेत.

*

आता अक्काचं.

दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणारी ही बाई स्वतःच्या घरात मुकी होती. अंबिका सहा वर्षांची असल्यापासून मी तिला बघतेय. रक्त द्यायला यायची, अण्णा तिला चॉकलेट द्यायचे, आणि जाताना ती मला विचारायची, "मॅडम, माझं रक्त कवा वाढंल?" वाढतंय गं, असं मी म्हणायची. लोकांच्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना अक्का किती हळुवार समजावून सांगायची, ते मी शेजारी बसून ऐकलंय. स्वतःच्या पोरीचं आलं की सातवीनंतर सांगते म्हणाली. मग दहावीनंतर. मग पीयूसी, म्हणजे बारावी, होऊ दे म्हणाली. मी चिडायची, अबोला धरायची, दोन दिवसांनी मीच परत बोलायची.

या वर्षी अंबिकाला कलबुर्गीला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली. आईला दवाखान्यात काम करताना बघून पोरीनं स्वतःच ठरवलं होतं. अण्णांनी आख्ख्या कॉरिडॉरमध्ये पेढे वाटले. अक्कानं पेढा हातात घेतला तो हातातच राहिला. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. आज ना उद्या वर्गात त्या गोळीचा धडा येणार. डबीवरचं लेबल अक्का दर महिन्याला कोमट पाण्यात भिजवून काढायची, पण गोळीवर उमटवलेली अक्षरं कशी काढणार? पोरगी होस्टेलमध्ये आपली डबी उघडून बघणार, आणि तेव्हा तिच्याजवळ कुणी असणार नाही.

सोमवारी निघायचं होतं. गुरुवारी दुपारी दवाखाना ओसरल्यावर मी अक्काला मागच्या पायरीवर बसवलं आणि तोंडाला येईल ते बोलले. जगाला सांगत फिरतेस, पोटच्या पोरीला सांगताना काय होतं तुला? आजार तिच्या बापाकडून आला, त्यात तुझं काय चुकलं?

"आजाराचं सांगाया मी भीत न्हाई, मॅडम," अक्का म्हणाली.

मग तिनं मला जे सांगितलं, ते बारा वर्षांत तिनं कधी सांगितलं नव्हतं. सातवा महिना होता. दूरच्या एका शहरात तिची तपासणी झाली. तिथल्या बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं, नवऱ्याला घेऊन ये म्हणाल्या, आणि एक गोळी हातात दिली. कळा सुरू झाल्या की ही गिळ, बाळाला लागायची भीती पुष्कळ कमी होईल. अक्कानं ती गोळी कागदाच्या पुडीत बांधून ट्रंकेत ठेवली. घरी कुणाला एक अक्षर बोलली नाही, नवऱ्यालाही नाही.

कळा तीन आठवडे आधीच आल्या. गावात गाडी मिळाली नाही, बाळंतपण घरीच करायचं ठरलं. अक्कानं धडपडत जाऊन ट्रंक उघडली, पुडी काढली, आणि सासूनं हात धरला. अशा वेळेला ही कसली गोळी?

"मी म्हणलं, डोकं दुखायलंय, डोक्याची हाय. डोकं दुखलं म्हणून मरत न्हाईस, म्हणाली, आन चुलीत टाकली."

अक्का पायरीकडं बघत बोलत राहिली.

"एकच गोष्ट सांगायची व्हती. ही लेकराची गोळी हाय म्हणून. ती बी माझ्यानं झाली न्हाई." अक्का रडत नव्हती. "पोरीला हे बापाकडनं आलं न्हाई, मॅडम. माझ्या न बोलण्यानं आलं. हे कसं सांगू तिला?"

मी म्हटलं, गोळी घेतली असती तरी शंभर टक्के खात्री नव्हती. अक्का म्हणाली, व्हय, लोकांना मीबी असंच सांगत असते. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. दहा मिनिटं मी तिला भित्री म्हणत होते. ती हे ओझं पोरीच्या पहिल्या दिवसापासून एकटी वागवत होती आणि वर रोज लोकांची ओझी उतरवायला घराबाहेर पडत होती.

*

शनिवारी अंबिका आली. नवा ड्रेस, होस्टेलसाठी घेतलेली बॅग दाखवायला म्हणून आली होती. अक्कानं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, तुमीच सांगा, माझ्यानं व्हायचं न्हाई. मी बरं म्हटलं. अण्णांनी बाहेर स्टूल टाकलं आणि दाराला पाठ लावून बसले, म्हणजे कुणी आत येणार नाही.

मी सगळ्यांना सांगते तसंच तिला सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, गोळीचं खरं नाव सांगितलं. ही गोळी नियमानं घेशील तर म्हातारी होशील, नोकरी करशील, लग्न होईल, पोरंबाळंही होतील धडधाकट, हेही सांगितलं. अंबिका बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडत होती. मधे एकदाच तिनं विचारलं, "हे आमच्या पुस्तकात येणार हाय व्हय?" मी म्हटलं, हो. तिनं मान हलवली. मी पुढच्या वाक्याला आले, की हे आईकडून बाळाला जन्माच्या वेळी लागतं, आणि तेवढ्यात अक्कानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा मॅडम. हितनं पुढं मी सांगते."

आणि तिनं सांगितलं. पोरीच्या तोंडाकडं बघून सांगितलं. सातवा महिना, ती बाई, ती पुडी, ट्रंक, सासू, डोकेदुखी, चूल. एकही गोष्ट कमी केली नाही, सासूवरही ढकललं नाही. "तवा मी खरं बोलले असते," शेवटी म्हणाली, "तर कदाचित तुला हे नसतं." एवढं बोलून ती थांबली.

बाहेर अण्णा कुणाला तरी कन्नडमध्ये सांगत होते, की आज खोली बंद आहे, सोमवारी या. त्या खोलीत पोरं आईबापांना काय काय बोलतात ते मी बारा वर्षं ऐकलंय. अक्कानंही ऐकलंय. आम्ही दोघी त्यातलंच कुठलंतरी एक येणार म्हणून बसलो होतो.

"माय," अंबिका म्हणाली, "तुला पयल्यांदा सांगितलं, त्या तिथल्या दवाखान्यात, तवा तुझ्यासंगं कोण व्हतं?"

अक्का विचारात पडली.

"कोण न्हवतं," ती म्हणाली. मग पोरीकडं बघून म्हणाली, "तू व्हतीस की."